कालवडीची उंची कुठे अडते? वासराच्या हाडाला प्रथिन पुरतंय का, हे तपासायची आणि दुरुस्त करायची रीत

गोठ्यात नव्याने उतरलेल्या माणसाला वासराच्या हाडाबद्दल सगळीकडून एकच सल्ला मिळतो: कॅल्शियम चालू करा. मेडिकलवाला तेच सांगतो, डेअरीवर उभा असलेला पाव्हणा तेच सांगतो. बाटल्या संपत जातात आणि वर्षाची कालवड तरी माणसाच्या कमरेएवढीच राहते. पुढे ती उशिरा माजावर येते, व्यायला अडते, आणि दोष मात्र जातीला दिला जातो.

आमच्या प्रवरा पट्ट्यात ऊस आणि संकरित गाई हातात हात घालून आहेत. गाई विकत आणण्यापेक्षा घरच्याच कालवडी तयार करायच्या असं ठरवलं, तेव्हा कळलं की हाडाचं गणित कॅल्शियमच्या आधी प्रथिनापाशी सुरू होतं. खालचं सगळं होल्स्टीन आणि जर्सी संकरित वासरं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. म्हैस आणि गीरसाठी तत्त्व तेच, आकडे वेगळे.

1. हाड कशाचं असतं ते आधी समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका, पुढचे सगळे निर्णय यावर बसतात.

सुकलेल्या हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश खनिजं असतात, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस. उरलेल्या सेंद्रिय भागातलं जवळपास 90 टक्के कोलाजेन, म्हणजे निव्वळ प्रथिन. स्लॅब टाकताना आधी सळई बांधतात आणि मग काँक्रीट ओततात, तसंच आहे हे. सळईच बांधलेली नसेल तर दारात काँक्रीटच्या गाड्या उभ्या करून काय होणार?

हाड लांबीला वाढतं ते टोकाजवळच्या कूर्चेच्या पातळ चकतीतून. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. चकतीतल्या पेशी एकीवर एक रांग लावून वाढतात, फुगतात, आणि त्यांच्या जागी हाड तयार होत जातं. या पेशींना वाढायचा हुकूम देणाऱ्या संप्रेरकांपैकी महत्त्वाचं म्हणजे आयजीएफ-वन. ते मुख्यतः यकृतात बनतं आणि खाण्यात प्रथिन कमी पडलं की त्याचं रक्तातलं प्रमाण उतरतं. मेंदूकडून येणारं वाढीचं संप्रेरक तेव्हा भरपूर असू शकतं, पण यकृत त्याचं ऐकत नाही. मग चकती पातळ होते, हाड लांबीला कमी वाढतं, त्याची भिंतही बारीक राहते.

पायाची हाडं दिसतात म्हणून आपण पायांबद्दल बोलतो. खरं नुकसान दिसत नाही तिथे होतं, कटीत, म्हणजे वितांना वासरू ज्यातून बाहेर येतं त्या हाडांच्या कड्यात. अरुंद कटीची कालवड पहिल्या वेताला अडते.

दुसरी गोष्ट वेळेची. जन्मापासून पहिल्या वेतापर्यंत जेवढी उंची वाढते, तिच्यातली जवळपास निम्मी पहिल्या 6 महिन्यांतच वाढून होते. पुढच्या 6 महिन्यांत आणखी पाव, आणि उरलेली पाव त्यानंतरच्या वर्षात. आपल्याकडे उलटा प्रकार चालतो: वासरू लहान आहे तोवर त्याला उरलंसुरलं, आणि गाभण राहिलं की पेंड.

2. सामान आणि कागद

फार काही लागत नाही:

- शिवणकामाची टेप, शक्यतो नवी. जुनी ताणलेली असते.
- उंची मोजायला सरळ पीव्हीसी पाइप, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा, आणि आडवा धरायला सुताराचा गुण्या.
- भुईकाटा किंवा लटकता काटा, चारा तोलायला. अंदाजे पाटी-घमेलं चालणार नाही.
- नोंदवही. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी हरकत नाही, पण गोठ्यात खिळ्याला टांगलेली वही गड्यालाही लिहिता येते.
- वासराचा कानातला बिल्ला, त्यावरचा 12 अंकी क्रमांक, जन्मतारीख आणि आईचा क्रमांक.
- लसीकरण आणि जंतनाशकाची तारीखवार नोंद.
- वापरत असलेल्या पशुखाद्याच्या पोत्याचं लेबल. फेकू नका, वहीला टाचून ठेवा.

3. मोजा: उंची आधी, वजन नंतर

वासरू सपाट कोब्यावर उभं करा. पुढचे दोन्ही पाय एका रेषेत, मान सरळ. पाइप पुढच्या पायाजवळ उभा धरायचा आणि गुण्याची आडवी बाजू खांद्याच्या सगळ्यात उंच जागेवर टेकवायची. गीर किंवा वशिंडाच्या जनावरात खांद्यावर माप नीट येत नाही, तिथे मागे पुठ्ठ्यावर, दोन खुब्यांच्या मधोमध मोजा. एकदा जिथे मोजलं तिथेच दर वेळी मोजायचं.

सकाळी, चारा-पाण्याच्या आधी, महिन्यातून एकदा. एकट्याने करू नका. एकजण तोंडाशी खरारा करत उभा राहिला की वासरू पाठ वाकवत नाही. पाठ वाकवली की माप चार-पाच सेंटिमीटरने सहज चुकतं, आणि महिन्याची वाढ तेवढीच असते!

वजनासाठी टेपने दोन मापं घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, उत्तर किलोत. समजा घेर 40 इंच आणि लांबी 36 इंच आली, तर 40 × 40 × 36 ÷ 660, म्हणजे साधारण 87 किलो. अचूक वजन नव्हे, पण दर महिन्याला त्याच पद्धतीने काढलं तर वाढीचा वेग बरोबर कळतो.

शुद्ध होल्स्टीन कालवड जन्मतः साधारण 75 सेंटिमीटर, 6 महिन्यांत 105 च्या आसपास, वर्षाला 120 ते 125 आणि 2 वर्षांला 135 ते 140 असते. आपली संकरित त्याहून लहान असणारच, जर्सी संकरित आणखी लहान. म्हणून आकड्याशी स्पर्धा नको, वेग बघा. पहिल्या 6 महिन्यांत महिन्याला 4 ते 5 सेंटिमीटर हा चांगला वेग. सलग दोन महिने 2 सेंटिमीटरच्या आत अडकलं तर काहीतरी कमी पडतंय.

4. आकडे काय सांगतात

नुसत्या वजनाने फसगत होते. वजनात चरबी येते, पाणी येतं, पोटातला चारा येतो. उंचीत यांपैकी काहीच येत नाही. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायचे.

*उंची कमी, अंग मात्र गोल.* हा खरा प्रथिनाच्या तुटीचा चेहरा. ऊर्जा पोटभर मिळते आहे: मक्याचा भरडा, ज्वारीचं पीठ, लग्नातला उरलेला भात. बांधणीचा माल नाही, म्हणून जादाची ऊर्जा चरबीत जाते. बाजारात अशी कालवड बघून लोक 'टुमटुमीत आहे' म्हणतात. मला ती बघून काळजी वाटते, कारण माजावर यायच्या आधीच्या वयात फार चरबी चढली तर कासेत दूध बनवणाऱ्या ग्रंथींची वाढही कमी होते.

*उंची बरी, बरगड्या मोजता येतात.* इथे एकूण खाणंच कमी आहे. उपासमारीत शरीर हाडाला आधी देतं, मांसाला नंतर, चरबीला शेवटी. त्यामुळे वासरू लांबटांग दिसतं. चाऱ्याचं प्रमाण वाढवा.

*दोन्ही कमी, पोट सुटलेलं, मान बारीक, केस राठ.* प्रथिनही नाही, ऊर्जाही नाही, आणि बहुतेक वेळा पोटात जंत आहेत. जबड्याखाली पाणी उतरलं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

*गुडघ्यांचे सांधे जाड, पाय बाकदार, चालताना आखडते.* हे वेगळं प्रकरण आहे. प्रथिनाच्या तुटीने हाड लहान राहतं, पण साधारण प्रमाणात राहतं. सांधे सुजणं आणि नळी वाकणं हा मुडदूस. त्यात कॅल्शियम, फॉस्फरस किंवा ड जीवनसत्त्वाचा प्रश्न असतो. अंधाऱ्या बंदिस्त शेडमध्ये कायम बांधलेल्या वासरांत विशेषतः. माती, लाकूड, प्लास्टिक चघळत असेल तर फॉस्फरसची तूट मनात धरा. खनिज इथे औषध आहे, पण डॉक्टरांनी बघून.

रक्ततपासणी करायची ठरली तर एक खबरदारी. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून हाड ठीक आहे असं होत नाही, कारण शरीर हाडातून काढून रक्तातली पातळी सांभाळतं. प्रथिनासाठी रक्तातलं युरिया आणि अल्ब्युमिन बघतात. युरिया लवकर खाली येतं, अल्ब्युमिन हळूहळू. अल्ब्युमिन ठीक आलं म्हणजे चारा ठीक, असंही समजू नका. टेप आणि पाइप यांची नोंद जास्त खरं बोलते.

5. पहिले तीन महिने: पोट अजून गाईचं झालेलं नसतं

चीक पहिल्या तासा-दोन तासांत. वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक पहिल्या काही तासांत पोटात गेला पाहिजे, म्हणजे 30 किलोच्या वासराला 3 लिटर, त्यातला निम्मा लगेच. 'वार पडल्याशिवाय चीक काढू नये' हा जुना समज आजही ऐकू येतो. तो सोडा. चिकातली रोगप्रतिकारक प्रथिनं आतड्यातून जशीच्या तशी शोषली जातात ती साधारण पहिले 24 तासच, आणि त्यातही दर तासाला शोषण घटत जातं.

पुढे दूध रोज वजनाच्या किमान 10 टक्के. गाईच्या दुधात लिटरमागे साधारण 33 ग्रॅम प्रथिन असतं, म्हणजे 3 लिटर दुधातून 100 ग्रॅम. वासराचं वजन एक किलोने वाढतं तेव्हा त्यातलं जवळपास 190 ग्रॅम प्रथिन अंगात साठलेलं असतं. शिवाय रोजच्या झिजेला वेगळं. यावरून लक्षात येईल की वासरू 50 किलोचं झालं तरी दोन्ही वेळचं मिळून 3 लिटरच पाजत राहिलो, तर वाढीला फार जागा उरत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मोठ्या गाईच्या कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू साध्या चाऱ्यापासून स्वतःच्या अंगात चांगलं प्रथिन तयार करतात आणि ते पुढे गाईला मिळतं. लहान वासराला ही सोय नसते. ते डुकराच्या पिल्लासारखं किंवा उंदरासारखं एकपोटी जनावर असतं, आणि त्याला अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या विटा, तयारच मिळाव्या लागतात. अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी 1914 च्या सुमारास उंदरांवर दाखवून दिलं होतं की मक्यातल्या झीन या प्रथिनावरच पिल्लं ठेवली तर ती वाढत नाहीत, कारण त्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं नसतात. ती दोन घातली की वाढ सुरू. दूध तोडून तीन आठवड्यांच्या वासराला मक्याची पेज पाजणं म्हणजे तोच प्रयोग आपल्या गोठ्यात करणं.

दुधाची पावडर वापरणार असाल तर लेबलवर प्रथिनाचा स्रोत बघा. पहिल्या तीन आठवड्यांत तरी तो दुधाचा हवा. सोया किंवा इतर वनस्पतीचं प्रथिन इतक्या कोवळ्या पोटाला नीट पचत नाही आणि हगवण लागते.

पहिला आठवडा संपता संपता काफ स्टार्टर (लहान वासरांचं सुकं खाद्य) समोर ठेवा, मूठभरच, आणि रोज ताजं. पाणी त्याआधीपासून. स्टार्टरमधल्या धान्यामुळे कोठीपोटाचं अस्तर तयार होतं, नुसत्या गवताने ते होत नाही. दूध तोडायचं ते वयावर नाही. सलग तीन दिवस वासरू रोज किलोच्या आसपास स्टार्टर खातंय असं दिसलं, की मगच.

6. तीन महिने ते वर्ष: कागदावर हिशेब मांडा

सगळ्यात जास्त वासरं इथे मार खातात. दूध तुटलेलं असतं, डोळ्यांसमोर ती नसतात, आणि मोठ्या गाईंसमोरून उरलेला कडबा त्यांच्याकडे सरकवला जातो.

90 किलोची, चार-पाच महिन्यांची कालवड धरा. रोज अर्धा किलो वजन वाढवायचं तर तिला साधारण अडीच किलो सुकं खाद्य आणि त्यात 16 टक्क्यांच्या आसपास प्रथिन, म्हणजे दिवसाला 400 ग्रॅम लागतं.

आता नेहमीची दावण बघा. दोन किलो कडबा, त्यात प्रथिन साडेतीन टक्के, म्हणजे 70 ग्रॅम. एक किलो मक्याचा भरडा, 9 टक्के, म्हणजे 90 ग्रॅम. एकूण 160. पोट भरलं, पण हिशेब निम्म्यापर्यंतही पोचला नाही.

बदललेली दावण: सव्वा किलो 22 टक्क्यांचं खाद्य, 275 ग्रॅम. चार किलो हिरवा लसूणघास. त्यात सुकं 800 ग्रॅमच, त्याचं 18 टक्के, म्हणजे जवळपास 145 ग्रॅम. अर्धा किलो कडबा, 15-17 ग्रॅम. बेरीज 435. एवढाच बदल.

दावणीतल्या वस्तूंचा अंदाज यावा म्हणून, सुक्या वजनावर: गव्हाचा भुसा 3 टक्के, भाताचा पेंढा 3 ते 4, उसाचे वाढे (शेंड्याकडची हिरवी पानं) 5 च्या आसपास, मक्याचा मूरघास 7 ते 8, गव्हाचा कोंडा 15, लसूणघास आणि दशरथ घास 18 ते 20, शेवरी आणि सुबाभळीचा पाला 20 च्या वर, शेंगदाणा पेंड 40 च्या वर, सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) 45. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. एकूण चाऱ्यातलं प्रथिन 7 टक्क्यांच्या खाली गेलं की कोठीपोटातले जिवाणूच उपाशी राहतात, चारा पचायला वेळ लागतो आणि जनावर खाणंच कमी करतं. 'खातच नाही हो' ही तक्रार अनेकदा इथून येते.

घरी खाद्य करायचं तर 100 किलोसाठी: मका भरडा 45, सोयाबीन डीओसी 35, गहू कोंडा 17, खनिज मिश्रण 2, मीठ 1. प्रथिन 22 टक्क्यांच्या जरा वर येतं. सोयाबीन कच्चं दळून टाकू नका. कच्च्या सोयात प्रथिनाचं पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेने जातो. डीओसीवर ती प्रक्रिया झालेली असते.

खनिज मिश्रण वासरांना रोज 20-25 ग्रॅम, कालवडींना 50. कॅल्शियम नकोच असं मी म्हणत नाही. सळई बांधल्यावर काँक्रीट लागतंच. फक्त बाटलीतलं पातळ कॅल्शियम आणि खनिज मिश्रण एक नव्हे. मिश्रणात फॉस्फरस, जस्त, तांबं हेही असतं.

ऊसपट्ट्यातल्यांसाठी वेगळी सूचना. गळीत हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्यांकडून वाढ्यांच्या मोळ्या स्वस्तात मिळतात आणि चार-पाच महिने गोठा त्यावरच चालतो. वाढ्यांत प्रथिन कमी, हे एक. दुसरं म्हणजे त्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून बसतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. म्हणजे सळई आणि काँक्रीट दोन्हीकडून मार. वाढे बंद करा असं सांगून कोणी ऐकणार नाही, मीही बंद केलेले नाहीत. वर्षाच्या आतल्या वासरांना मात्र देऊ नका, आणि मोठ्यांना द्याल तेव्हा खनिज मिश्रण चुकवू नका.

7. पोतं आणि पाला: फसायच्या जागा

पोत्यावर 'क्रूड प्रोटीन' असा आकडा असतो. प्रयोगशाळा प्रथिन थेट मोजत नाही. ती नत्र मोजते आणि 6.25 ने गुणते. युरियातही नत्र असतं, आणि ते इतकं की 100 किलो खाद्यात एक किलो युरिया मिसळला तर कागदावरचं प्रथिन जवळपास 3 टक्क्यांनी वाढतं. मोठी गाय मर्यादित युरिया वापरू शकते. कोठीपोट अजून तयार न झालेल्या वासराला तो विष आहे. भारतीय मानकानुसार पशुखाद्याच्या पहिल्या प्रकारात किमान 22 टक्के आणि दुसऱ्यात 20 टक्के प्रथिन लागतं, पण हे मोठ्या जनावरांचं खाद्य. दुभत्या गाईचं पोतं फोडून त्यातलंच वासराला घालू नका. दुकानदाराला सरळ विचारा, 'यात युरिया आहे का?' आणि वासरांसाठीचं वेगळं पोतं मागा.

शंका असेल तर नमुना तपासून घ्या. वेगवेगळ्या पोत्यांच्या वर, मध्ये, खाली हात घालून मूठ-मूठ काढा, एकत्र करा, अर्धा किलो कोरड्या पिशवीत बंद करा. कृषी विज्ञान केंद्रात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुठे तपासणी होते ते विचारा. प्रथिनाबरोबर ओलावा, युरिया, वाळू आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) हेही मागा.

सरकी पेंड आपल्याकडे घरोघरी. दुभत्या गाईला उत्तम. पण सरकीत गॉसिपॉल असतं आणि ते पचवायची ताकद कोवळ्या वासरात नसते. चार-पाच महिन्यांच्या आत सरकी नकोच.

शेंगदाणा पेंड ओल धरते आणि तिच्यावर बुरशी येते. पावसाळ्यात वड्या फोडून आतला रंग आणि वास बघा. हिरवट-काळी झाक किंवा कुबट वास आला तर वासराला नाही, गाईला नाही, कोणालाच नाही.

सुबाभूळ प्रथिनाला भारी, पण तिच्यात मिमोसिन असतं. हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त झाली की केस गळतात, वाढ खुंटते.

अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणारी वनस्पती, तिच्याबद्दल लोक हात जोडून विचारतात. सुक्या वजनावर त्यात 20 ते 25 टक्के प्रथिन असतं, हे खरं. पण किलोभर ओल्या अझोलात सुकं 60 ग्रॅमच निघतं, म्हणजे प्रथिन 12 ते 15 ग्रॅम. चाळीस-पन्नास ग्रॅम डीओसीत त्याहून जास्त मिळतं. हौस म्हणून करा, भरवसा ठेवू नका. ट्रेमध्ये मातीशिवाय उगवलेल्या हायड्रोपोनिक मक्याचं तेच: किलोभर दाण्याचे पाच-सहा किलो होतात ते पाण्याने, सुकं द्रव्य वाढत नाही.

8. वरून ओतताना खालून गळत नाही ना

जंत झालेल्या वासराला कितीही पेंड घाला. गोल कृमी आईच्या दुधातूनही वासरात येतात, म्हशीच्या रेडकांत तर हमखास. म्हणून पहिलं जंतनाशक 10 ते 15 दिवसांच्या वयाला आणि पुढे पहिले 6 महिने डॉक्टर सांगतील त्या अंतराने. औषध बदलून बदलून, आणि वजनाप्रमाणे. डोस अंदाजाने दिला तर कमीच पडतो. छातीच्या घेरावरून काढलेलं वजन इथे उपयोगी पडतं. शेणात रक्त-आव दिसली तर ती जंतनाशकाने जाणार नाही, कॉक्सिडियाची (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची) तपासणी करा. आणि अंगावर गोचीड आहेत का तेही बघा.

9. आधीच मागे पडलेली कालवड मिळाली तर

बाजारातून आणलेल्या कालवडींत हे नेहमीचं. वाढ भरून निघते का? ऑस्बोर्न-मेंडेल यांच्या उंदरांत वाढ दीर्घकाळ रोखूनही, नीट खाणं मिळताच ती पुन्हा सुरू झाली होती. केंब्रिजमध्ये मॅकान्स आणि विडोसन यांनी डुकराची पिल्लं वर्षभर पाच-सहा किलोवरच रोखून धरली आणि मग पोटभर खायला दिलं. ती झपाट्याने वाढली, पण नेहमीच्या डुकरांच्या मापाला पोचली नाहीत. म्हणजे उत्तर आहे: निघते, पण किती ते ठरतं तूट कधी पडली आणि किती दिवस चालली यावर. वर्षाच्या आतली कालवड असेल तर मनापासून प्रयत्न करा. नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाची चकती दोन-अडीच वर्षांत मिटते, त्यानंतर वाढेल ते मांस आणि चरबी.

क्रम असा ठेवा. आधी जंत. मग दहा-पंधरा दिवसांत हळूहळू खाद्य वाढवत न्या. भुकेल्या जनावरापुढे एकदम भरडा ओतला तर पोट आंबतं. भरड्याच्या आधी प्रथिन वाढवा. लसूणघास, दशरथ, डीओसी आधी, मका नंतर. उलट केलंत तर तीच बुटकी कालवड गोल होईल आणि तुम्हाला वाटेल सुधारली. महिन्याला वजन वाढतंय पण उंची जागेवर आहे, असं वहीत दोनदा दिसलं की भरडा कमी करून प्रथिन वाढवा.

10. भरवायचं (गाभण करायचं) कधी

वय धरून भरवू नका. संकरित कालवड साधारण 250 किलोच्या पुढे गेली, म्हणजे त्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गाईच्या 55-60 टक्के वजनाला आली, की मग. वजन आलं आणि उंची नाही, तर थांबा, एक-दोन माज सोडून द्या. कृत्रिम रेतनाला आलेल्या डॉक्टरांना वही दाखवा आणि कटी हाताने तपासून बघायला सांगा. कटी अरुंद वाटली तर पहिल्या वेताला मोठ्या होल्स्टीन वळूची रेतमात्रा नको, जर्सीची मागा. वासरू लहान येतं आणि सुटका सोपी होते. गाभण काळातही तिची स्वतःची वाढ चालू असते, म्हणून तिचं खाद्य मोठ्या गाभण गाईंच्या हिशेबाने काढू नका. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पोटातल्या वासराचा वाटा त्यात वेगळा धरा.